प्राध्यापक कामगार असतो का?

१ मे रोजी सकाळी आठ वाजता आमच्या महाविद्यालयात झेंडावंदन होते, ते महाराष्ट्र दिनाचे. त्याच दिवशी कामगार दिनही असतो, याचा उल्लेख माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत प्राचार्यांच्या एकाही भाषणात मी ऐकलेला नाही. यंदा झेंडावंदनानंतरच्या चहाला माझ्या शेजारी आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सहकारी उभे होते. त्यांची नेमणूक आदल्या दिवशी, ३० एप्रिलला संपली होती. म्हणजे त्या सकाळी त्यांचा महाविद्यालयाशी कागदोपत्री काही संबंध नव्हता. पण न येणे बरे दिसले नसते, म्हणून ते चाळीस किलोमीटर मोटारसायकल चालवून आले होते. मी सहज म्हटले, "सर, आज तुमचाही दिवस आहे." ते हसले. म्हणाले, "मॅडम, मी कुठला कामगार? कामगाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो."

या उत्तराने मला माझ्या विषयाकडे, म्हणजे मराठी साहित्याकडे, पुन्हा बघायला लावले. मी 'कामगार साहित्य' हा घटक पदव्युत्तर वर्गाला शिकवते. त्या घटकात गिरणी असते, भोंगा असतो, संप असतो, चाळ असते. शिकवणारा, हिशेब लिहिणारा, संगणकावर काम करणारा माणूस त्यात नसतो. तो 'मध्यमवर्गीय जीवनचित्रण' या पुढच्या घटकात येतो. ही विभागणी आपण इतक्या सहजपणे करतो की ती कोणी आणि कशाच्या आधारावर केली हे विचारायचे राहून जाते. माझे म्हणणे असे की मराठी समीक्षेने कामगार कपड्यांवरून ओळखला, आणि त्यामुळे या जीवनावरचे आपल्याकडचे एक महत्त्वाचे लेखन आपण त्या अंगाने वाचलेच नाही.

कपड्यांवरून हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. 'पांढरपेशा' हा शब्दच तसा आहे. तो इंग्रजीतल्या 'व्हाइट कॉलर'चा अनुवाद नव्हे. त्याच्या कितीतरी आधीचा, एकोणिसाव्या शतकातल्या कोशांतही सापडणारा शब्द आहे. नांगर आणि तलवार न धरणारा, लेखणी किंवा तराजू धरणारा तो पांढरपेशा. म्हणजे या शब्दात आधी जात आहे, मग धंदा, आणि मिळकत तर नाहीच. दहा रुपये पगाराचा कारकून पांढरपेशा असू शकतो आणि चांगला कमावणारा जॉबर असू शकत नाही. कारखाने आले, 'कामगार' हा नवा शब्द रुळला, पण जुनी रेघ होती तिथेच राहिली. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून गिरणी मराठी कादंबरीत आली ती रेघेच्या पलीकडचे जग म्हणून. ते जग पाहायला लेखक इकडून तिकडे गेला.

मग तिकडून इकडे आलेले लेखक. नारायण सुर्वे यांचे नाव सर्वांत आधी येते आणि माझ्या मुद्द्यासाठी तेच सर्वांत सोयीचे आहे. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचे, 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. सुर्व्यांनी गिरणीत काम केले हे प्रत्येक विद्यार्थी लिहितो. त्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपायाची आणि नंतर शिक्षकाची नोकरी केली, हेही बहुतेकांना माहीत असते. पण ते चरित्राच्या तपशिलात जाते, काव्यविचारात येत नाही. आपला सर्वांत मोठा कामगार-कवी त्याच्या कवितेच्या भरभराटीच्या काळात पेशाने मास्तर होता. मुलाचे नाव शाळेत घालायला आलेल्या बाईची त्यांची प्रसिद्ध कविता आपण त्या बाईची म्हणून शिकवतो, आणि तसे शिकवणे योग्यच आहे. पण तिच्यासमोर टेबलामागे बसलेला जो मास्तर आहे त्याच्याकडे मी स्वतः कितीतरी वर्षे पाहिले नव्हते. तो तिचे ऐकून घेतो कारण दोघांमधले अंतर एका टेबलाइतकेच आहे, आणि ते त्याला माहीत आहे. सुर्व्यांना शिपायाचे स्टूल आणि मास्तरांची खुर्ची ही दोन जगे वाटत नसावीत. आम्हा समीक्षकांना वाटली.

गंमत अशी की या बाबतीत कायदा साहित्याच्या पुढे होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची जी व्याख्या केली तीत अंगमेहनतीबरोबर कारकुनी कामही पहिल्यापासून होते. १९५६ च्या दुरुस्तीने तांत्रिक आणि देखरेखीचे कामही आत घेतले. म्हणजे ज्या काळात मराठी कथेतला कारकून गॅलरीत उभा राहून हळवा होत होता, त्या काळात तो कायद्याने 'वर्कमन' होता. त्याच्या संघटनाही होत्या आणि जोरात होत्या. बँकांतल्या, विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी संप केले. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा संप ५४ दिवस चालला. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या अनेकांनी तो केला. पण त्या ५४ दिवसांवर लक्षात राहावी अशी एखादी मराठी कादंबरी मला विद्यार्थ्यांसमोर ठेवता येत नाही. १९८२ च्या गिरणी संपावर लेखन झाले, व्हायलाच हवे होते. अडीच लाख माणसांचे आयुष्य त्यात उलटेपालटे झाले. या दोन संपांची बरोबरी होत नाही. तरीही कारकुनाने केलेला संप ही साहित्याची वस्तू होऊ शकते, असे कुणाला वाटले नाही हे नोंदवायला हवे.

शिक्षकाचे मात्र वेगळे झाले, आणि ते गोव्यातून आलेल्या एका खटल्यात झाले. तिथल्या एका शाळेने एका शिक्षिकेची सेवा संपुष्टात आणली. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये निकाल लागला: शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे. शिकवण्याचे काम शारीरिक नाही, कारकुनी नाही, तांत्रिक नाही, देखरेखीचेही नाही. शिक्षक मुलांचे चारित्र्य घडवतो, त्यांना जबाबदार नागरिक बनवतो, अशा आशयाचा युक्तिवाद निकालात आहे. शिक्षकांना संरक्षण मिळावे, त्यासाठी वेगळा कायदा असावा, असेही न्यायालयाने सुचवले. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा होताच. तेव्हा निकालाचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यातली भाषा. काम उदात्त आहे, म्हणून ते काम नव्हे. हा तर्क एकदा मान्य केला की पुढचे सगळे सोपे होते.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपदान कायद्याखालीही शिक्षक 'कर्मचारी' ठरत नाहीत असे म्हटले. संसदेला २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून, १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, शिक्षकांना ग्रॅच्युइटी द्यावी लागली. अंगणवाडी सेविकांना ती मिळायला २०२२ साल उजाडले. त्यांना मिळणारी रक्कम 'मानधन' आहे, वेतन नाही, हा सरकारी पक्षाचा बचाव होता; ग्रॅच्युइटीपुरते मानधन हेच वेतन, असे न्यायालयाने तेव्हा मान्य केले.

'मानधन' या शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण तो आमच्या महाविद्यालयांतही आहे. कायम प्राध्यापकाला 'वेतन' मिळते, शिपायाला 'पगार' मिळतो, बांधकामावरच्या बाईला 'मजुरी' मिळते, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला 'मानधन' मिळते. सभेला पाहुणे म्हणून बोलावलेल्या वक्त्याला नारळ आणि शालीबरोबर पाकिटातून देतात ते मानधन. वक्त्याला त्यावर घर चालवायचे नसते असे त्यात गृहीत आहे. आमचे सहकारी आठवड्याचे तास घेतात, हजेरी लिहितात, पर्यवेक्षण करतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जातात. पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. दिवाळीच्या सुटीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, विद्यार्थी गॅदरिंगला गेले म्हणून बुडालेल्या तासाचेही नाहीत. देयके मंजूर होऊन रक्कम कधी मार्चमध्ये एकदम येते, कधी पुढच्या सत्रात. विद्यार्थी मात्र त्यांना 'सर'च म्हणतात; माझ्यात आणि त्यांच्यात विद्यार्थ्यांना फरक दिसत नाही, आणि तो दिसू नये याची काळजी तेच घेतात. इस्त्रीचा शर्ट त्यांचा माझ्या कायम सहकाऱ्यांपेक्षा नेहमी कडक असतो.

या माणसाची कादंबरी मराठीत आहे का? आहे, आणि ती चार भागांत आहे. 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या १९७५ ते १९७९ मध्ये आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्या आपण 'चांगदेव चतुष्टय' म्हणून शिकवतो. त्यांच्यावर देशीवादाच्या अंगाने लिहिले गेले, अस्तित्ववादाच्या अंगाने लिहिले गेले, शिक्षणक्षेत्राच्या आणि साहित्यव्यवहाराच्या अधोगतीचे चित्र म्हणूनही. हे सगळे त्यांत आहे. पण चांगदेव पाटील हा मुळात नोकरी शोधणारा, नोकरी धरणारा, नोकरी सोडणारा माणूस आहे, ही साधी गोष्ट बाजूला पडते. मुंबई सोडून तो एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जातो. ट्रंक, पुस्तके, भाड्याची खोली, खाणावळ. संस्थाचालकांचे गट, प्राध्यापकांतले जातींचे गट, कोण कोणाचा माणूस याची सतत चालणारी मोजणी. आपल्याला हवे ते शिकवण्याचा आनंद त्याला मधूनमधून मिळतो, आणि तो आनंद खरा आहे. पण उद्या या वर्गात आपण असू की नाही, हे त्याच्या हातात नसते. मला विचाराल तर कामगार असणे म्हणजे हेच: काम आपले, कामाच्या अटी दुसऱ्याच्या.

या चारही कादंबऱ्यांची नावे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. बिढार म्हणजे उचलून नेता येईल असा संसार. हूल म्हणजे दाखवलेली पण न केलेली चाल. आणि झूल? पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ते नक्षीचे कापड. एक दिवस बैलाची मिरवणूक निघते. झुलीखाली खांदा तोच असतो, जुवाने घट्टे पडलेला. प्राध्यापकी पेशाच्या प्रतिष्ठेसाठी इतके नेमके नाव दुसऱ्या कोणत्या भाषेत सापडेल, मला शंका आहे. तरी चांगदेवाला परात्म, एकाकी, बंडखोर अशी विशेषणे लावताना त्याच्या नेमणूकपत्राकडे आमची समीक्षा फारशी गेली नाही. नेमाड्यांचीही एक मर्यादा इथे दिसते. चांगदेवाच्या संतापाला ओळखीची माणसे आहेत, पण सोबती नाहीत. स्वतःसारख्याच दुसऱ्या अस्थिर प्राध्यापकाशी मिळून काही करावे, हा पर्याय या कादंबऱ्यांच्या केंद्रात कधी येत नाही. तो गाव सोडतो. नायकाचे निघून जाणे आपण वाचक म्हणून इतके रोमँटिक मानले की, ज्यांना निघून जाता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच नाही. माझ्या सहकाऱ्यांना गाव सोडता येणार नाही. घरी तीन एकर कोरडवाहू आणि आजारी वडील आहेत.

गिरणगावात अशा माणसाला नाव होते. त्याला 'बदली' म्हणत. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घेतला जायचा, नाही तर घरी परत. १९८२ च्या संपाच्या मागण्यांत बदलींचा प्रश्नही होता. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ चे. संपानंतरच्या गिरणी कामगार कुटुंबाचे नाटक म्हणून आपण ते ओळखतो आणि त्यातल्या गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलाची चर्चा सर्वांत जास्त होते. मला अलीकडे त्यातला शिकलेला, लेखक होऊ पाहणारा मुलगा जास्त अस्वस्थ करतो. गिरणीत राबलेल्या बापांचे एकच स्वप्न असायचे, पोराने गिरणीत जाऊ नये. पोराने शिकावे, खुर्चीवर बसावे. मुले शिकली, आणि त्यांतली काही महाविद्यालयांच्या, शिकवणी वर्गांच्या, वृत्तपत्रांच्या दारात उभी राहिली. बदलीला निदान कार्ड होते आणि आपण बदली आहोत हे त्याला माहीत होते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्यांनी स्वतःला कामगार म्हणवून घ्यावे, झाले. मला ते इतके सोपे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा 'पांढरपेशा' या शब्दातल्या जातीशी आहे. माझे हे सहकारी त्यांच्या वस्तीतले पहिले पीएच.डी. आहेत. त्यांच्या आजोबांनी जे काम केले ते जातीने लादलेले काम होते, ज्याला मजुरीसुद्धा धड नव्हती. दया पवारांच्या 'बलुतं'ला (१९७८) हे नाव का मिळाले ते सांगायला नको. त्या पुस्तकाचा लेखक रेल्वेत नोकरी करत होता. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधला नायक रेल्वे कामगारांमध्येच राहतो आणि कामगारांमध्येच मार खातो. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. कामगार हा शब्द ज्यांना कधी पूर्णपणे आपला म्हणून वापरू दिला गेला नाही, त्यांनी 'सर' हे संबोधन घट्ट धरून ठेवले तर त्यात खोटी प्रतिष्ठा आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझ्या घरात तीन पिढ्या शिक्षक आहेत. मला 'कामगार' म्हणवून घेण्यात गमावण्यासारखे काही नाही. म्हणूनच चहाच्या वेळी मी ते वाक्य इतके सहज बोलू शकले.

आणि सगळे सारखेही नाहीत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतन घेणारी मी आणि तासावर मानधन घेणारे ते, आम्ही दोघेही 'प्राध्यापक' या एका शब्दात बसत असलो तरी एका वर्गात बसत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आधीच्यांना आहे; म्हणजे कायम प्राध्यापकांतही रेघ आहे. हॅरी ब्रेव्हरमन हा अमेरिकन लेखक तांबटकाम करून पुढे आलेला होता. १९७४ च्या त्याच्या पुस्तकात त्याने दाखवले की कचेरीतले काम तुकड्यांत मोडत गेले की कारकून आणि यंत्रावरचा कामगार यांतले अंतर मिटत जाते. ते बरोबर आहे. पण आपल्याकडे ते अंतर एकीकडे मिटत असताना दुसरीकडे, एकाच स्टाफरूममध्ये, नवीन पडते आहे.

हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांशी मी याबद्दल बोलते तेव्हा तेही हसतात. त्यांच्या कंपन्यांत माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत माणूस 'बेंचवर' असतो, आणि बेंचवरचे दिवस लांबले की झोप उडते. मी त्यांना बदली कामगाराचे वर्णन सांगते, त्यांना ते लगेच पटते. पण कायद्याची गोष्ट सांगितली की विश्वास बसत नाही. कामगाराच्या व्याख्येतली पगाराची मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्यांना लागू आहे. ती १९५६ मध्ये ५०० रुपये होती, पुढे १,६००, २०१० मध्ये १०,००० आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० झाली. तांत्रिक काम करणाऱ्याला अशी मर्यादाच नाही. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, जो दिवसभर फक्त कोड लिहितो, तो लाखाने पगार घेत असला तरी व्याख्येच्या शब्दांत बसण्याचा त्याचा दावा भक्कम असतो. म्हणजे या प्रश्नावर कायद्याच्या अक्षरात अभियंता आत आहे आणि मास्तर बाहेर. मनाने दोघेही बाहेर. या मुलांच्या आयुष्यावर मराठीत कथा येऊ लागल्या आहेत. मी वाचल्या त्यांतल्या पुष्कळशा एकटेपणावर, परदेशावर, तुटलेल्या लग्नांवर आहेत. रात्री अकराच्या कॉलवर नाही म्हणता येत नाही आणि लग्न तुटते, यांतला दुवा लेखकाला दिसतो. समीक्षक मात्र त्याला 'नातेसंबंधांची कथा' म्हणून पुढे जातो. चांगदेवाचे झाले तेच यांचे होऊ नये.

मी स्वतः काय केले? पदव्युत्तर अभ्यासक्रम फिरून रचायची वेळ आली तेव्हा मंडळाच्या बैठकीत 'झूल' ही कादंबरी 'कामगार साहित्य' या घटकाखाली लावावी असे सुचवले. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "मॅडम, यात कामगार कुठे आहे?" दुसरे म्हणाले, नेमाड्यांना काय वाटेल. हशा झाला. शेवटी सुर्व्यांच्या जोडीला 'पूरक वाचन' म्हणून ती गेली. पूरक वाचनावर प्रश्न येत नाहीत.

जुलैत तासिका तत्त्वाच्या मुलाखती झाल्या. माझ्या या सहकाऱ्यांची ती नववी मुलाखत, त्याच खोलीत, त्याच जागेसाठी. समितीत विभागप्रमुख म्हणून मी होते. त्यांनी फाइल पुढे केली. पहिल्या वर्षीची प्रमाणपत्रे मागे सरकत गेली होती आणि प्लास्टिकची कव्हरे पिवळी पडली होती. नियमाप्रमाणे एक प्रश्न विषयावर विचारावा लागतो. मी विचारले, मराठी कवितेतला कामगार कसकसा बदलत गेला? ते पाच मिनिटे फार चांगले बोलले. सुर्व्यांपाशी आले, तेव्हा मास्तरांच्या टेबलाचा मुद्दा त्यांनीच काढला. तो मी कधी त्यांना सांगितल्याचे मला आठवत नाही. मग बाहेरच्या बाकावर सात उमेदवार थांबले होते म्हणून अध्यक्षांनी घड्याळ पाहिले, आणि ते "थँक्यू सर, थँक्यू मॅडम" म्हणत उठले.

त्यांची नेमणूक झाली आहे. ३० एप्रिलपर्यंत.